लिहिलेल्यावर लिहिताना



चालकांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी एका चिठ्ठीवर फक्त एक चिन्ह लिहून त्यांच्या हाती दिले. चिन्ह असे : >. त्यांनी चिठ्ठी उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली आणि शेवटी म्हणाले, “अहो, हे तर शाळेतले ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह. पण कशापेक्षा काय मोठे?” मी म्हटले, “आज्ञेपेक्षा परिणाम मोठा.” त्यांना हे उत्तर फारसे पटलेले दिसले नाही, परंतु उन्हाळ्याचे दिवस, वक्ता गावातलाच, येण्याजाण्याच्या खर्चाचा प्रश्न नाही, असा सगळा विचार करून त्यांनी विषय मान्य केला असावा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून आपल्याकडे श्रोत्यांनी पुष्कळ कठीण विषय पचविलेले आहेत. आजचा विषय तितका कठीण नाही. एक अक्षरही न वाचता एक मनुष्य सबंध वही क्षणात कोरी कशी करू शकतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. तो मनुष्य मी स्वतःच असल्यामुळे दुसऱ्या कोणाची निंदा होण्याचीही भीती नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आपल्या या सोलापुरात एका सहकारी पतसंस्थेत संगणकाचे काम पाहत होतो. बँकांच्या संगणकीकरणाविषयी रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ साली आला, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत मोठ्या बँकांचे पाहून लहानसहान संस्थाही संगणक घेऊ लागल्या. आमच्याकडे एक यंत्र आले. त्यावर ‘युनिक्स’ नावाची व्यवस्था होती. चित्रे नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत आणि आपण अक्षरांनीच आज्ञा द्यावयाची. संस्थेचे सभासद म्हणजे हातमागावर आणि यंत्रमागावर काम करणारे कारागीर आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका. प्रत्येक सभासदाचे नाव, त्याचा क्रमांक आणि त्याच्या पश्चात पैसे कोणाला द्यावयाचे त्या वारसाचे नाव, अशी एक लांबलचक यादी आम्ही त्या यंत्रात भरली होती. मूळ अर्ज गोणीत भरून गोदामात टाकले होते. आता सारे यंत्रात आहे म्हटल्यावर त्या गोणीकडे कोण पाहतो? पाहिले ते वाळवीने.

मार्चअखेरीचे दिवस होते. हिशेबतपासनीस यावयाचे होते आणि त्यांना यादी आडनावांच्या क्रमाने हवी होती. युनिक्समध्ये क्रम लावणारी ‘सॉर्ट’ नावाची आज्ञा आहे. मी विचार केला, यादी घ्यावी, क्रम लावावा आणि लावलेली यादी त्याच नावाने ठेवून द्यावी. म्हणून मी लिहिले :

सॉर्ट यादी > यादी

आणि कळ दाबली. एरवी त्या यंत्राला हे काम करावयास काही सेकंद लागत. त्या दिवशी पापणी लवते न लवते तोच यंत्र पुढच्या आज्ञेसाठी हात जोडून उभे. त्याच्या तत्परतेचे मला कौतुक वाटले! मी घरी गेलो. संध्याकाळी आमच्या लेखनिकाने नेमाप्रमाणे दिवसभराच्या कामाची नक्कल फ्लॉपीवर घेतली. फ्लॉपी एकच होती. कालच्या नकलेवर आजची नक्कल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी उघडली. यादीचे नाव जागच्या जागी होते, तारीख ताजी होती, आणि आत एकही अक्षर नव्हते. फ्लॉपीवरही तेच. मी यादी एकदाच मारली होती, पण तिचे दहन दोनदा झाले होते.

हे कसे घडले? ते समजण्यासाठी आपण थोडा वेळ संगणक बाजूला ठेवून शेताच्या बांधावर जाऊ. आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांना ‘दारे धरणे’ म्हणजे काय ते सांगावयास नको. विहिरीवरची मोटर पाणी उपसते आणि पाटात सोडते. ते पाणी ज्वारीच्या वाफ्यात जाते की कांद्याच्या, हे मोटरीला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. खोरे हातात घेऊन जो मनुष्य पाटावर उभा असतो तो एक दार मातीने बुजवतो, दुसरे फोडतो, आणि पाण्याला वाट दाखवतो. मोटर वेगळी, दारकरी वेगळा.

युनिक्सची सारी रचना याच तत्त्वावर आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही व्यवस्था उभी करावयास घेतली. त्यात प्रत्येक लहान आज्ञा एकच काम करते आणि आपला निकाल एका ठरलेल्या पाटात सोडून देते. निकाल पडद्यावर जावा, कागदावर छापला जावा की एखाद्या फाइलीत साठावा, याची तिला पंचाईत नसते. ते पाहणारा दारकरी म्हणजे ‘शेल’. शेल म्हणजे कवच. माणूस आणि यंत्राचा गाभा यांच्यामध्ये हे कवच असते. आपली आज्ञा प्रथम ते वाचते. आणि > हे चिन्ह म्हणजे दारकऱ्याला केलेली खूण : पाणी इकडे वळव. पुढे १९७३ साली डग मॅक्लरॉय यांच्या आग्रहावरून एका आज्ञेचा निकाल थेट दुसऱ्या आज्ञेच्या तोंडी देणारी नळीही यात बसविण्यात आली. लहान लहान अवजारे एकमेकांना जोडून मोठे काम करण्याची ही युक्ती इतकी उपयोगी ठरली की, अर्धशतक लोटले तरी ती टिकून आहे. आज जगातील बहुतेक मोठे संगणक याच घराण्यातील व्यवस्थांवर चालतात, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही याच वळणाचा लिनक्सचा गाभा आहे.

आता दारकऱ्याच्या कामाचा क्रम पाहा, कारण सारे मर्म त्या क्रमात आहे. पाणी सोडण्याआधी दार फोडावे लागते. मोटर आधी चालू केली आणि मग खोरे शोधावयास गेले, तर पाणी रस्त्यावर येईल. म्हणून शेल आज्ञा सुरू करण्यापूर्वी > या खुणेपुढे कोणते नाव आहे ते पाहतो. त्या नावाची फाइल नसेल तर नवी कोरी उघडतो. असेल तर? असेल तर तिच्यातला मजकूर काढून टाकतो, तिची लांबी शून्य करतो, आणि अशी पुसून स्वच्छ केलेली फाइल निकालासाठी मांडून ठेवतो. एवढे झाल्यावर मगच आज्ञेला हाक मारतो. माझ्या बाबतीत हेच झाले. शेलने यादी पुसली. मग सॉर्टला बोलावले. सॉर्टने यादी वाचावयास घेतली तो यादीत काहीच नाही! काहीच नसलेल्याचा क्रम त्याने बिनचूक लावला आणि ते काहीच नसलेले यादीत भरून ठेवले. यात कोणी चुकले असे म्हणता येत नाही. शेलने आपले काम केले, सॉर्टनेही केले, आणि म्हणूनच कोणी कुरकुर केली नाही.

याहूनही चमत्कारिक गोष्ट सांगतो. समजा, मी घाईत ‘सॉर्ट’ हा शब्दच चुकीचा लिहिला असता, तर शेलने सांगितले असते की, या नावाची आज्ञा मला सापडत नाही. परंतु तोपर्यंत यादी पुसून झालेली असती! न्हाव्याने डोक्यावरून वस्तरा फिरवून मग विचारावे, “आपण दाढीसाठी आला होता ना?” त्यातला हा प्रकार.

आपण म्हणाल, ही रचना करणारी माणसे एवढी बुद्धिमान, मग त्यांनी एक प्रश्न का विचारू दिला नाही? “या नावाची यादी आहे, पुसू का?” असे विचारावयास काय हरकत होती? मलाही त्या सकाळी हेच वाटले होते, आणि मी त्या मंडळींना मनातल्या मनात पुष्कळ काही बोललोही. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा त्यांची बाजू कळली. आज्ञांची एक माळ करून ती रात्री यंत्राकडे सोपवावी आणि आपण झोपावे, हा तर युनिक्सचा मोठा फायदा. मध्यरात्री यंत्राने प्रश्न विचारला, तर उत्तर कोणी द्यावयाचे? शिवाय रोजचा ताळेबंद रोज त्याच नावाने नव्याने करावयाचा असतो. कालचा पुसून आजचा लिहिणे हीच तेथे इच्छा असते. त्या काळी तबकड्यांवरची जागाही अपुरी, म्हणजे जुने ठेवून घेणे महागाचे. आणि सर्वांत मुख्य गोष्ट अशी की, ती व्यवस्था त्यांनी आपल्यासारख्याच जाणत्यांसाठी केली होती. जाणत्याला वारंवार विचारणे हा त्याचा अपमान, असा त्यांचा एकंदर स्वभाव. ते अवजार कुशल सुताराच्या हातची पटाशी होते. पटाशी कोणाला विचारून लागत नाही.

परंतु जाणत्या माणसाचेही बोट घसरते, हे त्याच युनिक्सवाल्यांना लवकरच कळून आले, आणि त्यांनी त्यावर तोडगेही काढले. पहिला तोडगा असा : एका बाणाऐवजी दोन बाण, >>. दोन बाण म्हणजे जुने तसेच ठेव आणि नवे त्याच्याखाली लिही. रोजकीर्दीला हेच योग्य. फक्त दोनांपैकी एक बाण द्यावयाचा राहून गेला की कीर्दीची पाटी झाली. एवढ्या मोठ्या अर्थभेदाला एवढा लहान खुणेचा फरक, हे काही बरे नाही.

दुसरा तोडगा बर्कलीच्या विद्यापीठातून आला. बिल जॉय या तरुणाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘सी शेल’ नावाचे नवे कवच लिहिले. त्यात एक शपथ घालण्याची सोय होती; तिचे नाव ‘नोक्लॉबर’. क्लॉबर म्हणजे बडवणे, तुडवणे. तेव्हा नोक्लॉबर म्हणजे ‘तुडवू नकोस’. ही शपथ एकदा घातली की, असलेल्या फाइलीवर > चालविले तर शेल अडून बसतो : फाइल आधीच आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. आज्ञा सुरूच होत नाही. पुढे कॉर्न शेल आणि बॅश या कवचांनीही ही सोय घेतली. खरोखरच पुसावयाचे असेल तर > च्या पुढे एक उभा दंड द्यावयाचा, >| असा, म्हणजे “होय, मी जाणूनबुजून सांगतो आहे.” मला ही योजना फार आवडते. यंत्र नाही म्हणत नाही. माणसाने एक दंड मुद्दाम मारावा एवढेच मागते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही शपथ आपली आपण घालावी लागते. बहुतेक ठिकाणी ती आपोआप लागू नसते. आणि ती फक्त बाणाच्या वाटेवर पहारा करते. नक्कल करण्याच्या किंवा नाव बदलण्याच्या आज्ञेने कोणी जुन्यावर नवे घातले, तर तिकडे तिचे लक्ष नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे!

तिसरा तोडगा म्हणजे शहाणपणाची रीत, आणि तिला कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. निकाल नेहमी नव्या नावाने लिहावा. ‘सॉर्ट यादी > नवी’ असे म्हणावे. मग नवी उघडून पाहावी, ओळी मोजाव्यात, जुनीशी ताडून घ्यावी. सारे ठीक दिसले की जुनीला तारखेसह दुसरे नाव देऊन कपाटात ठेवावे आणि नवीचे बारसे ‘यादी’ म्हणून करावे. स्वतः सॉर्टलाही आपल्या पोटात अशी सोय आहे : निकाल कोठे लिहावयाचा ते बाणाने न सांगता त्यालाच सांगितले, तर तो आधी सारे वाचून घेतो आणि मगच लिहावयास बसतो, तेव्हा तीच यादी दिली तरी बिघडत नाही. अलीकडे तर ‘स्पंज’ नावाचे एक लहानसे साधन निघाले आहे. ते येणारा सारा मजकूर आधी शोषून घेते आणि नंतर फाइलीत पिळते. आपल्या लहानपणी स्पंजाचा तुकडा पाटी पुसावयाचा. आता पाटी पुसली जाऊ नये म्हणून स्पंज वापरावयाचा! काळाचा महिमा, दुसरे काय.

मला त्या वेळी यातले काहीच ठाऊक नव्हते असे मात्र नाही. दोन बाण मला ठाऊक होते. नवे नाव द्यावे हेही ठाऊक होते. ठाऊक असूनही केले नाही, याला आपल्याकडे घाई म्हणतात.

मित्रहो, लिहिलेल्यावर लिहिण्याचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. आपल्या जिल्ह्यातच त्याची दोन्ही टोके आहेत. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचेच संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हजार वर्षांत कोणाच्या घाईने तो पुसला गेला नाही, कारण दगडावर खोडणे हे लिहिण्याइतकेच कष्टाचे. दुसऱ्या टोकाला आपली धूळपाटी. बोटाने अक्षर काढावे आणि तळहाताने सारखे करावे. दगडाला विसरता येत नाही, धुळीला आठवता येत नाही. या दोहोंच्या मध्ये ताम्रपट. जुना पट ठोकून सपाट करून त्यावर दुसरे दान कोरल्याची उदाहरणे अभ्यासकांना आढळलेली आहेत. क्वचित जुनी अक्षरे नव्याखालून अजून डोकावतात. तांबे महाग, म्हणून जुन्या धन्याचा हक्क हातोडीखाली गेला!

आपल्या शहराचा धंदाही यात एक साक्ष देतो. सोलापुरी चादरीवरचा मोर, फूल, वेल हे सारे जकार्डच्या पुठ्ठ्यांवरून उमटते. पुठ्ठ्याला छिद्र असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे राहतो. एका पुठ्ठ्यावर आडव्या धाग्याची एक फेक. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. छिद्रांनी माहिती लिहावयाची हीच कल्पना घेऊन हर्मन हॉलेरिथने १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेची यंत्रे चालविली, आणि पुढे कित्येक दशके संगणकाला आज्ञा आणि आकडे अशाच पुठ्ठ्यांवरून दिले जात. तेव्हा आमचा माग हा संगणकाचा थोरला भाऊ लागतो. पाडलेले छिद्र पुन्हा न पाडलेले करता येत नाही. नक्षी बदलावयाची तर नवा पुठ्ठा करावा लागतो आणि जुना पुठ्ठा खुंटीला तसाच राहतो. त्या पिढीच्या संगणकवाल्यांना आपले काम नाहीसे होण्याची एकच मोठी भीती असे, ती म्हणजे हातातून पुठ्ठ्यांचा डबा पडण्याची! लिहिणे सोपे झाले तेव्हाच पुसणेही सोपे झाले. ही दोन्ही वरदाने एकाच देवाने एकाच वेळी दिली.

परंतु आमच्या दप्तरदारांनी आणि हिशेबनिसांनी यावर फार पूर्वी विचार केलेला होता. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असे. येथे मजकुराची मर्यादा झाली. याच्याखाली कोणी एक ओळ घुसवली तरी ती आमची नव्हे. दोन बाणांच्या वाटेवर बसविलेला हा पहारा! पेशवाईतील ‘लेखनसीमा’ या अक्षरांच्या लहान शिक्क्याचे कामही तेच. जमाखर्चाच्या वहीत चूक झाली तर आमचे जुने मुनीम चुकलेला आकडा खरवडून काढीत नसत. उलट नोंद घालून चूक भरून काढीत. चूक दिसत राही, आणि ती सुधारल्याचेही दिसत राही.

सर्वांत चांगले उदाहरण आपल्या सर्वांच्या घरी आहे, ते म्हणजे सातबाराचा उतारा. जमीन बापाच्या नावावरून मुलांच्या नावावर झाली, तर तलाठी बापाचे नाव पुसत नाही; त्याला कंस करतो. कंसातला मनुष्य आता धनी नाही, पण तो धनी होता हे उताऱ्यावर वाचता येते. हा बदल कोणत्या आधाराने झाला ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, क्रमांकासह मिळते. आता उतारा संगणकावर आला आणि नव्या नमुन्यात कंसातल्या मजकुरावर आडवी रेघही येऊ लागली. पण रेघेखालची अक्षरे वाचता येतात. कंसाने भावाभावांतली भांडणे थांबली असे मी म्हणत नाही! पण भांडावयाला काही पुरावा तरी राहिला. यादी पुसली गेली की भांडणाऱ्यापाशी फक्त आवाज उरतो.

संगणकाच्या लोकांनीही शेवटी हाच मार्ग धरला. ज्या बेल प्रयोगशाळेत तो बाण जन्मला, तेथेच १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी फाइलीतील प्रत्येक बदल क्रमाने जपून ठेवणारी व्यवस्था लिहिली. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ ही तशीच, पण फार समर्थ व्यवस्था रचली. आज जगभरचे कार्यक्रमलेखक तिच्यावर विसंबून आहेत. हा त्यांचा फेरफारच म्हणा ना. आणि आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरावयाच्या संगणकीय व्यवस्थेत प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झालेला आहे. जुन्या मुनिमांनी कायद्याविना जे पाळले, ते आता कायद्याने पाळावयाचे.

आणि हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. १९६९ साली, युनिक्सचा आरंभ झाला त्याच वर्षी, २० जुलैला मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले. त्या वेळी चंद्राहून आलेले मूळ संदेश ज्या चुंबकीय फितींवर उतरविले होते, त्यांचा पुढे अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने कसून शोध केला. २००९ साली त्यांनी जाहीर केले की, त्या फिती बहुधा पुसून दुसऱ्या कामासाठी पुन्हा वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता! दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या चित्रांच्या प्रती राहिल्या म्हणून ते दृश्य आपण पाहू शकतो. परंतु अधिक स्वच्छ असलेले मूळ गेले. ज्यांना चंद्रापर्यंतची वाट सापडली त्यांना कपाटातली फीत सापडली नाही. तेथे दुष्टावा नव्हता. कोणा कर्मचाऱ्याला फीत हवी होती, तिच्यावरचे नाव त्याला ओळखीचे वाटले नाही, आणि त्याने आपले काम चोख केले.

आता माझ्या यादीकडे वळतो, कारण ती तशीच टाकून मी घरी गेलो असे आपणास वाटावयास नको. आपण विचाराल की, यंत्रातून जुने परत निघत नव्हते का? पुसलेल्या फाइलीची जागा यंत्र ‘मोकळी’ म्हणून नोंदवते. त्या जागेत जुनी अक्षरे काही वेळ पडून राहतातही. पण मोकळ्या रानात दुसरा नांगर घालावयास किती वेळ लागतो? रात्रभर यंत्र चालू होते. इतर कामांनी ती जागा पेरून टाकली होती. कचऱ्याच्या टोपलीत पाहावे, तर बाणाने पुसलेले टोपलीत जात नाही. तिथून काही मिळाले नाही. मी डोके धरून बसलो असता आमच्या शिपायाने चहा आणून ठेवला आणि काय झाले म्हणून विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, “साहेब, तसलं कागद माझ्याकडं हायत की. पाठकोरं हुते म्हणून पोरीला गणितं कराय नेलतो.”

सहा महिन्यांपूर्वी आम्ही यादी छापली होती, तपासली होती आणि रद्दीत टाकली होती. तो संध्याकाळी ते बाड घेऊन आला. एका बाजूला त्याच्या मुलीने पेन्सिलीने केलेले गुणाकार-भागाकार, आणि दुसऱ्या बाजूला आमचे सभासद आणि त्यांचे वारस. त्या पोरीने लिहिलेल्यावर लिहिले नाही. पान उलटून लिहिले. संस्थेच्या सर्व यंत्रसामग्रीपेक्षा त्या घरची काटकसर अधिक शहाणी ठरली. काही पाने मात्र संपून गेली होती. त्या पानांवरच्या सभासदांना आम्ही निरोप पाठविले, आणि पासबुके घेऊन माणसे येऊ लागली.

त्यात विड्या वळणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी मागे, फॉर्म भरतेवेळी, सारासार विचार करून नवरा-मुलाऐवजी आपल्या बहिणीच्या मुलीचे नाव वारस म्हणून लावले होते. कारणे त्यांनी सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी टेबलावर बोट ठेवून विचारले, “माझ्या भाचीचं नाव हाय न्हवं तिथं?” मी म्हणालो, “मावशी, आत्ता लिहितो.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “आत्ता लिवतो म्हंजी? पयलं लिवल्यालं कुठं गेलं मग?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. बाण, शेल, सॉर्ट हे सारे मला सांगता आले असते. पण ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांनी आयुष्यात एकदाच कोणापुढे अंगठा उठवून आपली इच्छा लिहवून घेतली होती, आणि लिहिलेले राहते यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास पुसावयाचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. यंत्राने मला विचारले नाही, हे खरे. पण मीही त्यांना विचारले नव्हते. मी त्यांच्या भाचीचे नाव लिहिले, त्यांना दोनदा वाचून दाखविले, छापून त्याची एक प्रत त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली. माझ्या फ्लॉपीपेक्षा ती जागा सुरक्षित होती, याविषयी मला शंका नाही.

तेव्हापासून मी तीन नेम पाळतो. जुन्या नावावर नवे लिहीत नाही. नक्कल कधी एकच ठेवत नाही, आणि कालच्या नकलेवर आजची घेत नाही. आणि तिसरा नेम असा की, यंत्राने काम नेहमीपेक्षा लवकर उरकले, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी आत डोकावून पाहतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज दुकानाची उधारी, मुलांचे दाखले, गेलेल्या माणसांची छायाचित्रे आणि आवाज फोनमध्ये आहेत. त्यांची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडते की नाही, हे आज घरी गेल्यावर पाहावे. उद्या नव्हे. उद्याला यंत्रात फार जागा असते, पण त्यात काही साठत नाही.

लिहिण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याने आपण कोणाच्या अक्षरांवर बोट फिरवीत आहोत हे क्षणभर पाहावे, एवढेच सांगण्यासाठी मी आपला तासभर घेतला. त्या मावशींचा प्रश्न मी तीस वर्षे जवळ बाळगला आहे; आज तो आपल्यापाशीही ठेवतो.